गाडी उभी असते तेव्हा

मे महिन्यात आर्णीत गाडी लावायची तर माणूस आधी सावली शोधतो, मग जागा. कडुनिंबाखाली जागा मिळाली नाही की काच दोन बोटं खाली ठेवली जाते. नाहीतर परत आल्यावर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. कुणी तर एसी आणि इंजिन सुरू ठेवूनच कृषी केंद्रात शिरतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बस, दोन मिनिटांत आलो." विदर्भाच्या उन्हानं लावलेल्या या दोन सवयी चोराचं निम्मं काम आधीच करून ठेवतात. वाहनचोरीचा विषय निघाला की गप्पा लगेच जीपीएस, सायरन आणि मोबाइलवरच्या ॲपकडे वळतात. आर्णीसारख्या गावात मात्र त्या दोन बोटांच्या फटीपासूनच सुरुवात करायला हवी.

अरुणावती नदीकाठचं हे तालुक्याचं गाव यवतमाळपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे आणि तिथल्या यात्रेमुळे ते जिल्ह्याबाहेरही माहीत आहे. गावाला लागून राष्ट्रीय महामार्ग ३६१ जातो. बोलीभाषेत तो नागपूर-तुळजापूर महामार्ग. गाव लहान असताना गाडीची राखण चेहरे करत. कुणाची जीप कोणत्या ओट्यासमोर उभी असते हे पानटपरीवाल्याला पाठ असे आणि तिला अनोळखी हात लागला तर हटकणारा आवाज हमखास यायचा. रस्ता चौपदरी झाला आणि ही राखण सैल पडली. 'एमएच २९' म्हणजे यवतमाळची गाडी; पण आता दिवसभर नागपूर, नांदेड, लातूरच्या पाट्या गावावरून वाहत असतात. परकी गाडी दिसली म्हणून कुणी मान वळवत नाही. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेली कुटुंबं चहाला थांबतात, निघून जातात. चोरलेली गाडीही त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं, कुणाच्या डोळ्यावर न येता पैनगंगेपलीकडे जाऊ शकते.

तरी अख्खी गाडी जाणं हा या प्रश्नाचा सगळ्यात गाजणारा भाग आहे, सगळ्यात नेहमीचा नव्हे. त्याआधी जातं ते गाडीतलं सामान.

यातही चारचाकीच्या आधी दुचाकीचं नाव घ्यावं लागतं, कारण तालुक्याच्या गावात रोकड फिरते ती बहुतेक डिक्कीतून. मृगाच्या तोंडावर बियाणं-खतासाठी काढलेले पैसे, हिवाळ्यात कापूस-सोयाबीनच्या विक्रीतून आलेले पैसे, लग्नाच्या बस्त्याचे पैसे. बँकेतून निघालेला माणूस पिशवी डिक्कीत टाकतो आणि वाटेत भाजी, औषध किंवा नुसता चहा घ्यायला उतरतो. पाळत ठेवणारा बँकेच्या आतच असतो. काउंटरवर कुणी किती मोजून घेतले हे त्यानं पाहिलेलं असतं. पुढचं काम पोलिसांच्या भाषेत 'लक्ष विचलित करून'. रस्त्यावर दहा-दहाच्या चार नोटा टाकायच्या आणि "काका, तुमचे पैसे पडले" म्हणायचं. अंगावर काहीतरी घाण टाकून वर धुवायला पाणी दाखवायचं. चारचाकीवाल्याला "ऑइल गळतंय", "मागच्या चाकात हवा नाही" असं सांगून बॉनेटपाशी किंवा चाकापाशी आणायचं. तेवढ्यात दुसरा विरुद्ध बाजूचं दार उघडतो. दिल्ली-मुंबईत काचेवर टकटक करून बोलण्यात गुंतवणाऱ्या टोळ्यांना 'ठकठक गँग' असं नावच पडलं आहे. या साऱ्या प्रकारांत कुलूप तोडावंच लागत नाही. माणूस चांगला असतो, सांगणाऱ्याचे आभार मानतो, आणि खाली उतरताना चावी तिथेच राहते.

काच फोडायची वेळ आलीच, तर तीही सिनेमातल्यासारखी खळ्ळकन फुटत नाही. समोरची काच दोन थरांची, मध्ये पातळ पडदा असलेली. तडकली तरी जागेवर राहते. बाजूच्या काचा मात्र तापवून एकदम थंड केलेल्या, म्हणजे टफन्ड असतात. त्यांचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली असतो. हाताचा तळवा, कोपर, साधा दगड त्या बऱ्यापैकी सोसतात. पण कठीण, टोकदार कण वरचा थर भेदून आत गेला की ताण एकदम मोकळा होतो आणि अख्खी काच साबुदाण्यासारखी सांडते. म्हणून चोरांकडे हातोडा सापडत नाही. सापडते ती गलोल आणि लोखंडी छर्रे, नाहीतर जुन्या स्पार्क प्लगच्या चिनीमातीचे तुकडे. आवाज इतका कमी की शेजारच्या रसवंतीच्या घुंगरांत तो विरून जावा.

मग उपाय काय? काच मजबूत करण्यापेक्षा काचेआड काही न दिसणं जास्त स्वस्त आणि जास्त परिणामकारक. सीटवरची बॅग, लॅपटॉपची पिशवी, चार्जिंगला लावलेला मोबाइल, अगदी मिठाईचा चकचकीत पुडा, यांतल्या कशासाठीही काच फुटू शकते. आत काय आहे हे चोराला फोडल्यावरच कळतं. नुकसान तोवर झालेलं असतं. इथे एक बारकावा बहुतेकांच्या हातून सुटतो. सामान मागच्या डिक्कीत ठेवायचं ते निघतानाच. मंगल कार्यालयासमोर गाडी लावून, सगळ्यांसमोर डिक्की उघडून दागिन्यांची बॅग आत ठेवणं आणि वर दार ओढून पाहणं म्हणजे पाहणाऱ्याला पत्ता लिहून देणं. लग्नाच्या हंगामात बॅगेचा धनी कोण हे तर तिच्या आसपासच्या गडबडीवरूनच ओळखू येतं.

काळ्या फिल्मचा मार्ग काहींना सोपा वाटतो. आतलं दिसत नाही आणि ऊनही अडतं. पण सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१२ मध्ये गाड्यांवर काळी फिल्म चिकटवायला मनाई केली. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा. शिवाय पडद्याआड काही तरी आहे हे पडदाच सांगतो, हा भाग वेगळा.

ग्लोव्ह बॉक्सबद्दल थोडं कठोर बोलायला हवं. ग्रामीण भागात हा कप्पा म्हणजे चालती तिजोरी असते: मूळ आरसी, विम्याचे कागद, चेकबुक, कधी सातबारा, कधी घराची जादा चावी. गाडी गेली की चोराकडे मालकीचे पुरावे आणि घराचा पत्ता दोन्ही जातात. डिजीलॉकर आणि एमपरिवहनवरची कागदपत्रं वाहतूक पोलिसांनी ग्राह्य धरावीत असं केंद्रानं २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. मूळ कागद कपाटात, फोनमध्ये त्यांची डिजिटल प्रत, एवढं पुरतं.

सामानानंतर सुट्या भागांची पाळी. स्टेपनी, बॅटरी, उभ्या ट्रकमधलं डिझेल हे जुने प्रकार आहेत. नवा प्रकार सायलेन्सरचा. गेल्या काही वर्षांत गुजरात-महाराष्ट्रात मारुती ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या, तेव्हा मालकांना आधी नवलच वाटलं: भंगारात काय मोल या नळकांड्याचं? मोल नळकांड्याचं नाही, आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं आहे. धुरातले विषारी वायू कमी करण्यासाठी त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो आणि त्यातून निघणारी 'माती' किलोच्या भावानं विकली जाते. ईको जमिनीपासून उंच आणि खालून हात घालायला मोकळी. शाळेची मुलं आणि गावोगावचे प्रवासी वाहणारी ही गाडी तालुक्यात जागोजागी दिसते. सकाळी गाडी सुरू केल्यावर ट्रॅक्टरसारखा आवाज आला तर रात्रीचा पाहुणा समजावा. वर्कशॉपमध्ये सायलेन्सरला पट्टी वेल्ड करून घेणं आणि गाडीची एक बाजू भिंतीला चिकटवून लावणं, हे दोन्ही उपाय ओबडधोबड आहेत आणि चालतात.

आता अख्खी गाडी. इथे जगाचा अनुभव फार बोलका आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीनं स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं, तेही नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांना. वाहनचोरी घसरली आणि खालीच राहिली. ब्रिटननं पुढच्या दशकात तोच नियम केला, पण फक्त नव्या गाड्यांसाठी. नव्या गाड्यांची चोरी घटली. चोर जुन्या गाड्यांकडे वळले आणि एकूण आकड्यात लगेच मोठा फरक पडला नाही. पुढे १९९८ पासून युरोपीय संघात नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. चावीतल्या चिपची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारी ही व्यवस्था. नेदरलँड्समधल्या आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना तिच्यामुळे चोरीचं प्रमाण सरासरी ४० टक्के घटल्याचं आढळलं.

उलट उदाहरण अमेरिकेचं. तिथे ही सक्ती नव्हती, म्हणून किया आणि ह्युंदाईनं अनेक मॉडेल इमोबिलायझरशिवाय विकली. २०२२ च्या सुमारास टिकटॉकवर एक युक्ती फिरली: स्टिअरिंगखालचं आवरण काढा, यूएसबी केबलचं टोक घाला, फिरवा. शाळकरी पोरं गाड्या पळवू लागली. शेजारच्या कॅनडात २००७ पासून इमोबिलायझर सक्तीचा असल्यामुळे याच कंपन्यांच्या गाड्या तिथे या युक्तीला बधल्या नाहीत.

आर्णीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांकडे या नजरेनं पाहिलं तर चित्र ब्रिटनसारखं दिसतं. नव्या एसयूव्ही चिपवाल्या आहेत. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या जुन्या जीप, सुमो, ओम्नी, मारुती ८०० यांना कसलाही इलेक्ट्रॉनिक पहारा नाही. मालकाला वाटतं, "या खटाऱ्याला कोण नेतंय?" खटारा अख्खा विकायचा नसतोच मुळी, सुटा करून विकायचा असतो. मेरठच्या सोतीगंज बाजारात वर्षानुवर्षं हाच धंदा चालला. उत्तर प्रदेश पोलिसांनी तो डिसेंबर २०२१ मध्ये बंद पाडला. दुसरी वाट कागदांची. अपघातात 'टोटल लॉस' ठरलेली गाडी लिलावात घ्यायची, तशीच दुसरी चोरायची आणि मेलेल्या गाडीचा चेसिस क्रमांक जिवंत गाडीवर ठोकायचा. जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यानं आरसीवरचा चेसिस आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर बोट ठेवून जुळवावा, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर गाडी चोरीची तर नाही ना, हे पाहावं. चोरीची गाडी सापडली की ती जप्त होते; दिलेले पैसे परत मिळवणं हा पुढचा वेगळा खटला.

जुन्या गाडीसाठी उपाय महाग नाहीत. स्टिअरिंगला आडवा बसणारा लोखंडी दांडा, गिअर लॉक, आणि गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियननं इंधन पंपाच्या वायरीत घातलेलं, सीटखाली लपवलेलं एक बटण. शेवटच्या उपायाचं मोल फार, कारण चोराला तो दिसत नाही. गाडी सुरू होते, चार पावलं जाते आणि बंद पडते. चौकात बंद पडलेल्या गाडीत बसून राहायला चोराला वेळ नसतो. जीपीएस ट्रॅकरही आता काही हजारांत मिळतो. मात्र ट्रॅकर चोरी थांबवत नाही, चोरीनंतरचा माग देतो, तोही चोरानं उपकरण शोधून काढेपर्यंत. फास्टॅगचंही तेच. गाडी अंगणात असायला हवी आणि टोल कापल्याचा संदेश आला, तर गाडी कोणत्या दिशेला गेली हे पोलिसांना त्या मिनिटाला सांगता येतं. म्हणून टॅग चालू मोबाइल क्रमांकाशी जोडलेला असावा. अनेकांचा तो विकणाऱ्या एजंटच्या नाहीतर जुन्या मालकाच्या क्रमांकाशी असतो.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचं दुखणं वेगळं आहे. चावी घरात खुंटीला, गाडी दारात. दोघे जण दोन यंत्रं घेऊन येतात. एक चावीचा मंद संकेत पकडतो, दुसरा तो गाडीपर्यंत पोचवतो, आणि गाडीला वाटतं मालक आला. चावी दारापासून दूर, झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर हा संकेत अडतो. आजीच्या फराळाच्या डब्याला असंही काम मिळू शकतं.

नंबर प्लेटचा विषयही इथेच येतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या उच्च सुरक्षा पाटीसहच विकल्या जातात: क्रोमियमचं अशोकचक्र, लेझरनं कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवल्यावर न उघडणारं स्नॅप लॉक. जुन्या वाहनांना ती लावण्याची मुदत महाराष्ट्रात एकामागून एक वाढत गेली. दर दुचाकी व ट्रॅक्टरला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. 'दादा', 'बॉस' वाचले जावेत म्हणून वळवलेले आकडे मिरवणाऱ्यांना ही पाटी रुचली नाही आणि केंद्रांवरच्या गैरसोयीबद्दलच्या तक्रारींतही तथ्य होतं. तरी पाटी बदलणं हे चोराचं पहिलं काम असतं आणि तेच अवघड करणारी ही योजना आहे. जुन्या गाड्या वगळल्या असत्या तर ब्रिटनची चूक आपण मराठीत केली असती.

उभ्या गाडीची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न यात्रेत, लॉनवर आणि हॉटेलांत कायम लोंबकळत राहतो. 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावीत' ही पाटी सगळीकडे असते. तिचं कायद्यातलं वजन किती, हे दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या खटल्यात तपासलं गेलं. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री एका पाहुण्यानं मारुती झेन चावीसह हॉटेलच्या माणसाकडे दिली. त्याला मिळालेल्या पावतीवर हीच ओळ छापलेली होती. थोड्या वेळानं दुसऱ्या गाडीतून आलेल्या तरुणांपैकी एकानं झेनची चावी उचलली आणि गाडी घेऊन पसार झाला. २१ वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: चावी आणि ताबा घेतल्यावर गाडी सांभाळण्याची कसूर झाली तर छापील ओळीआड हॉटेलला लपता येणार नाही. यात कळीचा शब्द ताबा. चावी स्वतःच्या खिशात ठेवून मोकळ्या मैदानात लावलेल्या गाडीला हा निकाल तसाच लागू पडेल असं नाही. म्हणून यात्रेत पैसे घेऊन गाड्या लावून घेणाऱ्याकडून क्रमांक लिहिलेली पावती मागून घ्यावी, आणि चावी देणं टाळावं.

शिक्षेच्या बाजूनं कायदा कडक झाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार माल किंवा प्रवासी वाहणारं वाहन, अथवा त्यातला माल चोरल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ११२ मध्ये टोळीनं केलेली वाहनातली चोरी किरकोळ संघटित गुन्हा मानली आहे. तिथे किमान एक वर्षाची शिक्षा आहे. पण शिक्षेनं गाडी परत येत नाही. ती जबाबदारी विम्यावर येते, आणि माणसं खरी अडखळतात ती इथे.

पहिली ठेच: अनेकांकडे केवळ थर्ड पार्टी विमा असतो. पोलिसांनी अडवलं तर तो पुरतो, चोरीसाठी त्याचा उपयोग शून्य. दुसरी: सर्वसमावेशक विमाही गाडीचा असतो, गाडीतल्या सामानाचा नव्हे; सामानासाठी वेगळं जोडकलम घ्यावं लागतं. तिसरी: भरपाई खरेदीच्या किमतीची नसते, पॉलिसीवर लिहिलेल्या घोषित मूल्याची असते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला घसारा ४० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. हप्ता कमी बसावा म्हणून हे मूल्य आणखी पाडून घेणारे एजंट आहेत. मालकाला ते चोरीनंतर समजतं.

चौथी ठेच वेळेची, आणि तिच्यावरचा निकाल ट्रॅक्टरमुळे आला. गुरशिंदर सिंग यांचा ट्रॅक्टर २८ ऑक्टोबर २०१० रोजी चोरीला गेला. पोलिसांत तक्रार त्याच दिवशी झाली, विमा कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं गेलं. कंपनीनं उशिराचं कारण दाखवून दावा फेटाळला. २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं, ज्यात अमरावतीचे भूषण गवईही होते, सांगितलं की गुन्हा तातडीनं नोंदवला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवल्यावरून खरा दावा नाकारता येत नाही. याचा अर्थ कंपनीला निवांत कळवावं असा नाही. याचा अर्थ पोलीस ठाणं आधी. आसपासच्या गावांत दोन दिवस शोधून मग तक्रार देण्याची रीत महागात पडते. ११२ क्रमांकावर फोन लगेच करता येतो, आणि चोरी दुसऱ्या हद्दीत झाली म्हणून तक्रार नाकारता येत नाही. क्रमांक न टाकता 'झिरो' गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवावा लागतो.

गाडी सापडलीच नाही तर पोलीस 'अ समरी' अहवाल पाठवतात: गुन्हा खरा, शोध लागला नाही. दाव्याच्या वेळी विमा कंपनी हा अहवाल मागते. सोबत मागते गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या. एकच चावी दाखवली की संशयाला जागा होते: दुसरी गाडीतच राहिली होती का? कुणाला दिली होती? चावी इग्निशनमध्ये सोडून उतरणं हा निष्काळजीपणा ठरला तर दावा फेटाळला जातो, किंवा लढून-भांडून कापून मिळतो; अशा प्रकरणांत ७५ टक्क्यांवर तडजोड मान्य करणारे निकाल आहेत. एसी सुरू ठेवून कृषी केंद्रात घालवलेल्या दोन मिनिटांची ही किंमत.

तेव्हा गाडीची दुसरी चावी कुठे आहे, हे आज संध्याकाळी घरात विचारून पाहा. धाकट्या भावाच्या खिशात, जुन्या ड्रायव्हरकडे, का शोकेसमधल्या वाटीत? सापडली तर कपाटात कागदांसोबत ठेवा. हरवली असेल तर पोलिसांत तशी नोंद करा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि शोरूममधून नवी चावी बनवून घ्या.